बारा ग्रॅमसाठी लोखंड

फॅब्रिकेशनच्या दुकानात कुठले वास यायचे ते ठरलेलं असतं: जळता रॉड, ग्राइंडरची धूळ, रेड ऑक्साइड आणि चहा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या या दुकानात मी फाटकाच्या बिजागरीसाठी गेले होते. तिथं आंबूस, नाकात शिरणारा व्हिनेगरचा वास आला म्हणून मागं डोकावले. फरशीवर जाळीचा अख्खा गुंडाळा उलगडून पसरला होता आणि एक पोरगा उकिडवा बसून कपड्यांच्या ब्रशनं तो घासत होता.

"पाखरांसाठी हाय," मिस्त्री म्हणाले. "नवी जाळी तशीच लावली की मरत्यात."

लोखंडी जाळीला गंज लागू नये म्हणून तिच्यावर जस्ताचा मुलामा देतात. नव्या जाळीवर त्याची पांढुरकी भुकटी असते, जोडांवर बारीक थेंब साचलेले असतात. पोपटाच्या कुळातली पाखरं चोचीनं धरून जाळी चढतात, जाता-येता ती चावतात, आणि हे जस्त पोटात जातं. मग विषबाधा. म्हणून सुटलेलं जस्त व्हिनेगरनं घासून काढायचं, थेंब कानशीनं उडवायचे, जाळी धुवायची आणि मगच चौकटीवर चढवायची. मिस्त्रींना हे फार पूर्वी एका गिऱ्हाइकाची बजरीगर मेली तेव्हा कळलं. गिऱ्हाईक भांडायला आलं नव्हतं, नुसतं सांगायला आलं होतं. ते जास्त लागलं, असं मिस्त्री म्हणाले.

हा पिंजरा मात्र बजरीगरसाठी नव्हता. शहरातच एका बंगल्याच्या गच्चीवर, बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना झेब्रा फिंच ठेवायच्या होत्या. फिंच दाणे टिपणारी, ती जाळी फारशी चावत नाही. तरी घासणं चालूच होतं. "आज ही पाखरं हायत. उद्या दुसरी आणली तर? जाळी तीच राहणार की."

जागेवर मोजमाप घ्यायला मिस्त्रींबरोबर मीही गेले. साहेबांच्या हातात कागदावर काढलेला आराखडा होता: दहा फूट लांब, चार फूट रुंद, साडेसहा फूट उंच. शेजारचे एक जण कठड्यावरून वाकून बघत होते. त्यांचं म्हणणं, उंच करा, वर घुमट द्या, शोभा येते. मिस्त्रींनाही घुमटाचं काम आवडलं असतं, हात दाखवायला मिळतो. साहेब ऐकेनात. फिंच हेलिकॉप्टरसारखी सरळ वर उडत नाही, ती आडवी जाते, या टोकावरून त्या टोकाला. दुकानातल्या दीड फुटी पिंजऱ्यात ती उडतच नाही, दोन दांड्यांमध्ये उड्या मारते, आणि आपण त्याला पक्षी खेळतोय म्हणतो. उंचीचा उपयोग बघणाऱ्याला, लांबीचा पाखराला. हे साहेबांचं मत, आणि सगळं काम बघितल्यावर माझंही तेच झालं.

"एक पाखरू किती वजनाचं असतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"बारा ग्रॅम."

"बारा ग्रॅम!" त्यांनी पोराकडं बघितलं. "बारा ग्रॅमसाठी एवढं लोखंड."

मिस्त्रींचा दर किलोवर. फाटक, ग्रिल, जिन्याचा कठडा, सगळं वजनावर. पिंजऱ्यात पाइप पाऊण इंची आणि जाळी हलकी, म्हणजे मजुरी चौपट आणि वजन नाही. कुरकुर चालू असायची, पण कामात ती उतरत नव्हती. साहेबांना सोळा पाखरं ठेवायची होती. ती सगळी एका तागडीत घातली तरी पाव किलो भरत नाहीत, हा हिशेब मिस्त्रींनी चहा पिताना मोठ्यानं केला आणि पुन्हा म्हणाले, "बारा ग्रॅम."

चौकट जोडायचं काम त्यांचं रोजचंच. पाइप कापायचे, फरशीवर मांडायचे, गुण्या लावायचा, कोपऱ्यांना टॅक मारायचे, दोन्ही कर्ण टेपनं मोजून सारखे आले की मग पक्कं वेल्डिंग. खरा वेळ गेला तो भोकांवर. जाळी अर्ध्या इंचाची, चौकोनी, वेल्ड केलेली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी साहेबांना नको होती. तिच्या भोकांतून फिंच निसटते, पिळलेल्या तारेत पाय अडकतो, आणि घूस तिला सहज फाडते. जाळी चौकटीच्या आतल्या बाजूनं लावायची, तारेची कापलेली टोकं बाहेर ठेवायची आणि वरून पट्टी दाबून स्क्रू मारायचे. पोरानं सवयीनं एक बाजू बाहेरून लावली. मिस्त्रींनी न बोलता सगळे स्क्रू काढायला लावले.

अर्ध्या इंचाबद्दल मिस्त्रींची खात्री होती. आत काही येणार नाही, बाहेर काही जाणार नाही. त्यावर साहेबांच्या पत्नी, वहिनी, म्हणाल्या, "उंदराचं पिल्लू येतं. आमच्या कोठीच्या खोलीत आलंय." मिस्त्रींनी मान्य करायला थोडा वेळ घेतला. शेवटी खालचे दोन फूट चारही बाजूंनी सपाट पत्रा लावायचा ठरला. त्यावर उंदराची नखं टिकत नाहीत, आणि पाखरं उधळतात तो दाण्यांचा भुसाही गच्चीभर होत नाही.

खालून उंदीर, बाजूनं मांजर, वरून शिकरा. शिकरा शहरातही फिरतो आणि पिंजऱ्यावर सरळ झेप घेतो. घाबरलेली फिंच जाळीला चिकटते, मग तिचा पाय बाहेरून ओढायला त्याला अर्धा इंच पुरतो. म्हणून छताला दीड इंची पाइप वापरले आणि त्यांच्या खालून एक, वरून एक अशा दोन जाळ्या बसवल्या. इथं वजन वाढलं, मिस्त्रींचा चेहराही जरा खुलला. घराच्या खिडकीला ग्रिल लावताना चोर आत येऊ नये एवढंच बघायचं असतं, इथं दोन्हीकडून बघायचं, असं ते पोराला समजावत होते.

दाराचं त्यांना फार नवल वाटलं. आयुष्यभर गिऱ्हाइकं दार उंच मागत आली. इथं दार चार फुटी, वाकूनच आत जायचं, कारण दचकलेलं पाखरू वर उडतं आणि बुटक्या दाराच्या वरून निघून जातं. शिवाय दारं दोन. पहिलं उघडून छोट्या कोठडीत शिरायचं, ते बंद करायचं, मगच दुसरं. कोठडीची जागा अडीच फूट, आणि हे अडीच फूट मूळ दहा फुटांतून कापायचे नाहीत, वेगळे धरायचे, यावर साहेब अडून बसले.

पश्चिमेची बाजू पूर्ण पत्र्यानं बंद केली, कारण पावसाळ्यात सगळा मारा रंकाळ्याच्या बाजूनं. पूर्व उघडी, सकाळच्या उन्हासाठी. काचेतून आलेलं ऊन पाखराला पुरत नाही, हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व बनवायला अंगावर थेट किरण लागतात.

रंग दिल्यावर काम आठवडेच्या आठवडे नुसतं पडून होतं. पाखरांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, हवेतलं विष ती आपल्यापेक्षा फार लवकर ओढून घेतात. तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या धुरानंसुद्धा मरतात. वास पूर्ण जाईपर्यंत पाखरू आणायचं नाही. मिस्त्रींना पैसे मिळाले होते, तरी ते येता-जाता चौकटीला नाक लावून जायचे.

त्याच दिवसांत शेजाऱ्यांनी सुचवलं, एक राघू टाका की, बोलतो तरी. साहेबांनी नाही म्हटलं. आपला राघू, लाल मुनिया, इथल्या कुठल्याच जंगली पाखराला घरात कोंडता येत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि १९९०-९१पासून देशी पाखरांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आहे. तरी किती ओसऱ्यांवर राघूचा पिंजरा टांगलेला असतो ते सगळ्यांना माहीत आहे. परदेशी पाखरांतही, जावा स्पॅरोसारख्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या जाती असतील तर २०२४च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. झेब्रा फिंच त्या यादीत नाही.

ती मूळची ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मैदानांतली. बजरीगरही तिथलीच, जॉन गूल्ड यांनी १८४० साली ती जिवंत इंग्लंडला नेली. आज आपल्याकडच्या दुकानांत दिसणारी निळी, पिवळी, पांढरी बजरीगर ही माणसानं पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात घडवलेली. रानातली फक्त हिरवी असते. फिंचचंही तसंच. त्यामुळे "सोडून द्या, पुण्य लागेल" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कोल्हापूरच्या गच्चीवरून सोडलेली फिंच संध्याकाळपर्यंत कावळ्याच्या तोंडी जाईल. तिला बंदिवासात जन्माला घालणं हाच मुळात उद्योग नको होता, पण तो होऊन बसलाय. आता तिला देण्यासारखं उरतं ते म्हणजे पंख उघडायला लागणारी लांबी, आणि ती देताना बहुतेक हौशी माणसं हात आखडतात. पाखरू स्वस्त असतं, म्हणून पिंजराही स्वस्त.

वहिनींनी पेरूच्या फांद्या आणल्या, मुद्दाम कमी-जास्त जाडीच्या. एकसारख्या गुळगुळीत दांडीवर बसून तळव्यांना फोड येतात. फांद्या दोन्ही टोकांना बांधल्या, मधे काहीच नाही. पाण्याचं भांडं फांदीखाली नाही, नाहीतर शिटेनं भरतं. राळे, थोडी बाजरी, कोथिंबिरीची जुडी, तारेला अडकवलेलं समुद्रफेन.

पाखरं आली ती खोक्यातून. नर ओळखायला सोपा, गालावर नारिंगी ठिपका. सगळीच्या सगळी एका टोकाला दाटीनं बसली आणि तिथंच राहिली. दीड फुटात वाढलेली, त्यांच्या छातीत तेवढं बळच नव्हतं. एक नर निघाला, मधेच खाली आला, पत्र्यावर आपटला, धडपडत परत फिरला. मिस्त्री कोठडीत वाकून उभे होते. "उडंना झालंय की," ते म्हणाले, आणि आपल्या कामात काही चुकलं का म्हणून जाळीवर हात फिरवायला लागले. साहेबांनी सांगितलं, लागतील थोडे दिवस. ते लागलेच. मग दहा फूट कसे भरायचे ते पाखरांना समजलं, आणि पुढं झालेल्या पिल्लांतले कोवळे नर बापाची शीळ उचलायला लागले. फिंचचा नर गाणं बापाकडूनच शिकतो, पहिल्या तीनेक महिन्यांत. तोवर त्याचं नुसतं गिरवणं चालतं, आणि ते काही फार सुरेल नसतं.

शेजाऱ्यांनाही आता पिंजरा हवा होता. गच्ची छोटी, पण उंची भरपूर देता येईल, वर घुमट, पांढरा रंग. त्यांनी मिस्त्रींना दर विचारला, किलोला किती.

"पिंजरा किलोवर न्हाई करत आता," मिस्त्री म्हणाले. "रनिंग फुटावर. लांबी किती सांगा."