एकाच डोंगराचं पाणी

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते आठवत असेल. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरताना भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्येच शहरात १४४ कलम लावलं गेलं. आमच्या घरी अम्मी वजूचं पाणी परातीत धरायच्या आणि झाडांना घालायच्या. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली : १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर.

हे पाणी कृष्णेचं. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला, आणि त्याच डोंगरातून सावित्रीही निघते. कृष्णा पूर्वेकडे वळून सुमारे १४०० किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला कोसळते, पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. सगळा प्रवास शंभरेक किलोमीटरचा. आपली मांजरा बघा : बालाघाटातून निघून लातूर, बिदर, तेलंगण असा वळसा घेते, मग उत्तरेकडे वळून नांदेडच्या सीमेवरून कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. सातशे किलोमीटरहून जास्त, आणि उन्हाळ्यात पात्रात गोटे!

कोकणातल्या नद्यांना असा निवांतपणा नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, घाटाच्या उतारावरून तो काही तासांत खाली येतो. महाडपर्यंत भरतीचं पाणी खाडीतून वर चढतं. पूर आणि भरती एकाच वेळी आली की नदीला पुढे जायला जागाच उरत नाही, ती बाजारपेठेत शिरते. २०२१ च्या जुलैमध्ये महाडकरांनी तेच पाहिलं.

माझी धाकटी बहीण तिकडे दिलेली. गाड्यांनी पाणी येत होतं त्याच वर्षी, २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला. दोन एसटी बस प्रवाशांसकट पाण्यात गेल्या. सकाळी बहिणीचा फोन लागेपर्यंत अम्मी मुसल्ल्यावरून उठल्या नाहीत. फोन लागला तेव्हा बहीण म्हणाली, "अम्मी, इथं पाणी नको झालंय." अम्मींनी नुसतं "या अल्लाह" म्हटलं आणि भरलेल्या घागरीवर झाकण ठेवलं.

त्याच वर्षी परतीच्या पावसात मांजरा धरण भरलं. लोक सहकुटुंब बघायला गेले, आम्हीही. अम्मी मात्र गाडीतून उतरल्या नाहीत. काचेतूनच बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या.