कॅशलेसची खिडकी

दुपारचे दोन वाजून गेलेत. पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाचा तळमजला. औषधांच्या दुकानाला लागूनच ‘कॅशलेस’ अशी पाटी असलेली खिडकी, समोर लोखंडी खुर्च्या आणि प्रत्येकाच्या मांडीवर फुगलेली फाइल. वर डे-केअरमध्ये वहिनीला सुई टोचून ठेवलीय; केमो मात्र मंजुरी आल्याशिवाय सुरू होणार नाही. म्हणून मी इथे.

खिडकीतली मुलगी जेमतेम पंचविशीची असेल. मंजुरी देणारे कुठल्याशा दूरच्या ऑफिसात बसतात आणि मेलवर बोलतात; लोकांचा आवाज चढतो तो हिच्यावर.

आत्ता खिडकीशी बारामतीकडचे एक काका आहेत. बायकोच्या स्तनाचं ऑपरेशन झालंय, आज घरी सोडणार. पॉलिसी तीन लाखांची, बिल 2,32,000. म्हणजे सगळं बसतंय, असा त्यांचा सरळ हिशेब.

“काका, मंजूर 1,35,000 झालेत. 97,000 तुम्हाला भरायचेत.”

“असं कसं? तीन लाखांचा विमा आहे ना?”

ती कागद त्यांच्याकडे फिरवते, पेनाने एकेक ओळ दाखवते. रूमची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 3,000. यांनी घेतली 6,000ची. पाच दिवसांचे 15,000 गेले, इथवर काकांना पटतं. पण पेन खाली सरकतं. रूम दुप्पट दराची, म्हणून सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर यांचे 1,40,000 सुद्धा निम्मे. औषधांचे 50,000 पूर्ण मिळालेत. हातमोजे-बितमोजे धरून 12,000 ‘नॉन-पेएबल’.

“अहो, जनरलला खाट नव्हती. तुमच्याच माणसाने सांगितलं, ही रूम घ्या.”

ती मान खाली घालते. ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ हे काकांना भरतीच्या दिवशी कुणी सांगितलेलं नाही. पॉलिसीत ते छापलेलं असतं, हे खरं. पण भरतीच्या घाईत पॉलिसी वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

“पांढऱ्या रेशनकार्डालाही फुले योजना चालते म्हणे आता?”

“चालते, पाच लाखांपर्यंत. पण योजनेतल्या हॉस्पिटलात. आपल्याकडे नाही ती.”

50,000 अनामत आधीच भरलीय. उरलेल्या 47,000साठी काका बाजूला जाऊन मेहुण्याला फोन लावतात. “पतसंस्थेत विचार. नाहीतर पाटल्या ठेव तारण,” एवढं ऐकू येतं.

आता खिडकीशी एक तरुणी. तिच्या आईच्या केसमध्ये ‘क्वेरी’ आलीय : गाठ नेमकी कधीपासून आहे, डॉक्टरांचं लेखी द्या. पॉलिसी दीड वर्षाची आणि केसपेपरवर लिहिलंय, ‘दोन वर्षांपासून गाठ’. आईने लाजेपायी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मात्र खरं बोलली, आणि तेच आता नडतंय. नियमाने पूर्वीचा आजार म्हणजे पॉलिसी घेण्याआधी निदान झालेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरांचा सल्ला वा उपचार घेतलेला. ही बाई तर तोवर डॉक्टरांची पायरी चढलेली नाही. मी मधे तोंड घालून तिला सांगतो, हेच लेखी मागा. ती घाईघाईने फाइलच्या पाठीवर लिहून घेते.

बायोप्सीचा, पेट स्कॅनचा खर्च तिने आधीच खिशातून केलाय. तो भरतीच्या आधीचा असला तरी पॉलिसीत बसतील तेवढ्या दिवसांचा मागता येतो, पण बिलं जपलेली हवीत. तिच्याकडे अर्धीच आहेत. विम्याचा सगळा जीव खाटेत. कॅन्सरची निम्मी धावपळ मात्र ओपीडीतच होते.

काका परत येतात. पैसे संध्याकाळपर्यंत होतील. पण आता प्रश्न वेगळाच आहे.

“मॅडम, आता शिल्लक किती?”

“1,65,000.”

“आणि केमो आठ सांगितल्यात. वर रेडिएशन.” ते बोटांवर काहीतरी मोजतात. “आमचं रिन्यूअल दिवाळीनंतर. तेव्हा पुन्हा तीन लाख होतात ना? मग शेवटच्या दोन-तीन केमो तिकडे ढकलल्या तर?”

मुलीचे हात की-बोर्डवर थांबतात.

“ते डॉक्टरांनाच विचारा, काका. केमोच्या तारखा अशा नका हलवू.” मग आवाज खाली आणून, “आणि पुढच्या वेळी डे-केअर किंवा जनरलच लिहायला सांगा. रिन्यूअलला एक दिवसही उशीर करू नका.”

काका मुलाच्या नंबरवर तारीख पाठवून ठेवतात आणि बिल घेऊन कॅशियरच्या रांगेत उभे राहतात.