वाळूवरील माग आणि मोबाईलवरील माग

प्राथमिक शाळेतील मुलाच्या हाती मोबाईल असावा की नसावा, हा वाद आता फारसा उपयोगाचा राहिलेला नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या अभ्यासमालेचे पाठ पालकांच्या मोबाईलवर येऊ लागले आणि पहिली-दुसरीच्या मुलांनाही तो हाताळावयाची सवय लागली. शाळा पुन्हा भरल्या. सवय मात्र राहिली. तेव्हा या यंत्रावर जे जे केले जाते त्याचा माग मागे उरतो, ही गोष्ट मुलांस कशी समजावून द्यावयाची, हा प्रश्न शिक्षकापुढे उभा राहतो.

‘डिजिटल पाऊलखुणा’ हे शब्द फळ्यावर लिहून व्याख्या पाठ करून घेतल्याने मुलाच्या पदरी काहीच पडत नाही. तोंडवलीच्या शिक्षकास तर त्याहून उत्तम साधन शाळेबाहेरच उपलब्ध आहे. ओहोटीच्या वेळी तिसरी-चौथीच्या मुलांस पुळणीवर न्यावे. चारपाच मुलांस ओल्या वाळूवरून चालावयास सांगावे आणि बाकीच्यांनी तोपर्यंत पाठ फिरवून उभे राहावे. मग त्यांना ठसे वाचावयास लावावे. धावले कोण, वाटेत थांबले कोण, कोणती दोघे जोडीने गेली, हे सारे मुले विनासायास ओळखतात. चालणाऱ्याने तोंडातून शब्दही काढलेला नसतो, तरी वाळू त्याच्याविषयी पुष्कळ सांगून जाते.

या किनाऱ्यावरील मुलांस आणखी एक माग ठाऊक असतो. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री पुळणीवर चढते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजविते आणि समुद्रात परतते. अंडी ती झाकते. पण वल्ह्यांसारख्या पायांनी उमटलेला माग तिला झाकता येत नाही. पहाटे त्याच मागावरून कासवमित्र घरट्याशी पोहोचतात व अंडी सुरक्षित करतात. पूर्वी अंडी चोरणारेही त्याच मागावरून पोहोचत असत. माग एकच, त्यावरून येणारा रक्षक की चोर, हे मागाला ठरविता येत नाही. मुलांच्या मनावर ठसवावयाचा मुद्दा हाच होय.

येथून मोबाईलकडे वळणे सोपे जाते. माशांचे एक चित्रपट-गाणे पाहिले की लगेच तसलीच दहा गाणी समोर कशी येतात, असे मुलांस विचारावे. काय पाहिले याची नोंद कोठे तरी झाली, हे उत्तर बहुधा मुलेच देतात. घराच्या अंगणात काढलेल्या छायाचित्रात वेळ आणि, स्थानाची सोय चालू असल्यास, ठिकाणही नोंदले जाते, हे मात्र शिक्षकाने सांगावे लागते.

वाळूचा दृष्टांत एका ठिकाणी अपुरा पडतो, आणि तेथेच खरा पाठ आहे. भरती आली की पुळण कोरी होते. मोबाईलला अशी भरती नाही. एका मुलाने पाटीवर वाक्य लिहावे, चौघांनी ते वहीत उतरून घ्यावे आणि मग पाटी पुसावी. वाक्य गेले काय? पाठविलेला संदेश पुसण्याची सोय असली, तरी ज्याने त्याचे चित्र टिपून ठेवले त्याच्याजवळ तो राहतोच.

प्रसाराचे गणित फळ्यावरच मांडावे. एकाने ५ जणांस, त्या प्रत्येकाने आणखी ५ जणांस, असे तिसऱ्या फेरीत १२५ जणांपर्यंत वाक्य पोहोचते. हे गणित निरुपद्रवी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील ५ जणांस ठार मारले. अशा अफवा त्या सुमारास व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी ५ ठिकाणीच पुढे धाडता येईल, अशी मर्यादा आणली. लहान मुलांपुढे ही हकीकत सांगू नये; शिक्षकाने मात्र ती विसरू नये.

सौजन्याचा भाग याहून नाजूक आहे. मालवणी मुलुखात प्रेमाची हाकही पुष्कळदा शिवीच्या अंगाने येते. समोरासमोर ती गोड लागते, कारण सूर व चेहरा तिचा अर्थ सांगतात. तेच शब्द लिहून धाडले की सूर गळून पडतो आणि शिवी तेवढी उरते. शिवाय शाळेच्या पटांगणात चिडविणारे मूल समोरच्याचे डोळे भरलेले पाहून बहुधा थांबते. मोबाईलवर ते डोळे त्याला दिसतच नाहीत. म्हणून जे पाठवावयाचे ते आधी मित्राच्या तोंडाकडे पाहून मोठ्याने म्हणून दाखवावयाचे, असा सराव वर्गात घ्यावा. कित्येक वाक्ये मुलांच्या ओठांवरच अडतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. बहुतेक मुलांची पहिली डिजिटल पाऊलखूण मुले उमटवीत नाहीत. ती घरातील वडीलधारी आणि शाळाच उमटवितात. स्नेहसंमेलनाचे, शालेय पोषण आहाराच्या पंगतीचे छायाचित्र नाव-इयत्तेसह गटावर जाते, तेव्हा मुलास कोणी विचारलेले नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले असून त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली आहे. त्याची नियमावली नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. त्यांची वाट न पाहताही शिक्षकास पालकांस विचारता येते, नाव गाळता येते, आणि ‘तुझे चित्र पाठवू का?’ असे मुलास विचारता येते. विचारले गेलेले मूल दुसऱ्यास विचारावयास शिकते.

एखादे मूल दुखावणारा संदेश घेऊन शिक्षकाकडे आले, तर प्रथम त्याला मोबाईल वापरल्याबद्दल रागावू नये. तसे केल्यास ते पुन्हा सांगावयास येणार नाही. संदेश पुसू नये, तो पुरावा आहे. वर्गात त्याचे जाहीर वाचन करू नये. दोन्ही मुलांच्या पालकांस स्वतंत्रपणे बोलवावे आणि प्रकरण गंभीर वाटल्यास मुख्याध्यापकांस कळवून १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर संपर्क साधावा.