‘राणी छाप’ रुपया खरा की नकली? आधी वजन, मग कड अन् साल बघा

जत्रेत, आठवडी बाजारात आणि आता मोबाईलवरही ‘जुना चांदीचा रुपया’ म्हणून नकली नाणी खपवली जातात. लक्ष्मीपूजनासाठी घेणारे असोत की नाणी जमवणारे, दोघेही फसतात. पैसे मोजण्याआधी पुढील गोष्टी तपासता येतात.

वजन : व्हिक्टोरिया राणीपासून पंचम जॉर्जपर्यंतचा रुपया म्हणजे एक जुना तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात ९१.७ टक्के चांदी. आज सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात, तो हिशेब इथे लावू नये. झिजलेला रुपया थोडा हलका भरतो. पण जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच; त्याच मापाचा रुपया दीड-दोन ग्रॅमने कमी भरतो. वजन जुळवलं तर नाणं जाड होतं. म्हणून खऱ्या रुपयाशेजारी ठेवून बघावं.

चुंबक : लोखंडी नक्कल लगेच चिकटते, जर्मन सिल्व्हर चिकटत नाही. उलट वाघाचं चित्र असलेला १९४७ चा रुपया निकेलचा आहे. तो खरा असूनही चिकटतो. त्यामुळे नुसत्या चुंबकावर भरवसा नको.

कड आणि अक्षरं : साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक खड्डे, बोथट अक्षरं आणि कडेला जोडाची रेघ दिसते. खऱ्याच्या कडेवरच्या खाचा एकसारख्या असतात.

साल : राणीच्या रुपयावर १८७६ पर्यंत ‘क्वीन’, तर १८७७ पासून ‘एम्प्रेस’ लिहिलेलं आहे. १८६२ सालावर ‘एम्प्रेस’ दिसलं की नाणं नकली समजावं. १९३९ चा रुपया दुर्मिळ, त्यामुळे महाग. काही जण १९३८ च्या खऱ्या रुपयावरचा ८ कोरून ९ करतात. इथे वजन आणि चांदी दोन्ही बरोबर भरतात, फक्त भिंगाखाली शेवटचा आकडा चोरी उघड करतो.

सराफाकडच्या मशिनवर शुद्धता कळते. मात्र १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्मीच आहे. ५० टक्के दाखवलं म्हणून तो नकली ठरत नाही. कसोटीवर घासू नये, चिंच-लिंबाने चकचकीत करू नये. संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

जुनं नाणं विकून देतो म्हणत कोणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी कमिशन मागितलं, तर एक रुपयाही देऊ नये. बँक असे व्यवहार करत नाही, हे तिने २०२१ मध्येच जाहीर केलं आहे.