उतारवयातील आखडलेले खांदे आणि स्टेरॉइडची योग्य मात्रा

माळव्यातील धार आणि देवास येथे पवार घराण्याच्या राजवटीपासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, मराठी कुटुंबे वास्तव्य करून आहेत. इतर सर्व ठिकाणांप्रमाणे या कुटुंबांतूनही वडीलधाऱ्यांच्या दुखण्याविषयी एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता वय झाले, अंग दुखायचेच." देवासच्या टेकडीवर चामुंडा व तुळजाभवानीच्या दर्शनास वर्षानुवर्षे पायी जाणारी पासष्टीची एखादी गृहिणी दोन-तीन आठवड्यांतच अशी आखडते की, सकाळी अंथरुणावरून उठताना तिला सुनेचा हात धरावा लागतो. वेणी घालण्यास हात वर जात नाहीत. पाटावर बसले तर उठवत नाही. दुपारपर्यंत अंग काहीसे मोकळे होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तीच अवस्था. हे केवळ वार्धक्य नव्हे. वार्धक्य दोन-तीन आठवड्यांत येत नाही.

अशा रुग्णांपैकी काहींना 'पॉलिमायाल्जिया रुमॅटिका' हा विकार झालेला असतो. दोन्ही खांदे, मान, कंबरेखालचा भाग व मांड्या यांत वेदना आणि सकाळी पाऊण तासाहून अधिक काळ टिकणारा ताठरपणा ही त्याची मुख्य लक्षणे होत. पन्नाशीच्या आत तो सहसा होत नाही. सत्तरीच्या आसपास त्याचे प्रमाण सर्वाधिक असते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दुपटी-तिपटीने अधिक होतो. स्कॉटलंडचे डॉक्टर विल्यम ब्रूस यांनी १८८८ साली असे रुग्ण प्रथम वर्णिले. आजचे नाव १९५७ साली रूढ झाले. उत्तर युरोपात हा विकार बराच आढळतो. भारतात त्याची नोंद कमी होते, म्हणूनच तो चटकन ध्यानात येत नाही.

निदानाची सावधगिरी

या रोगाची खूण पटविणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. ई.एस.आर. व सी.आर.पी. या तपासण्यांतून शरीरात दाह आहे एवढेच कळते. त्यामुळे अशीच लक्षणे उत्पन्न करणारे इतर विकार आधी वगळावे लागतात : आमवात, थायरॉइड ग्रंथीची मंदता, ड जीवनसत्त्वाची उणीव, मधुमेहात आखडणारा खांदा, कोलेस्टेरॉलवरील काही गोळ्यांमुळे होणारी स्नायुदुखी, तसेच काही प्रकारचे कर्करोग.

क्षयरोगाचा विचार तर आपल्याकडे विशेष करून करावा लागतो. स्टेरॉइडमुळे शरीराची प्रतिकारशक्ती उणावते आणि सुप्त क्षय पुन्हा डोके वर काढू शकतो. देवासकरांना या रोगाची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. थोर गायक कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने ग्रस्त होऊन हवापालटासाठी देवासला आले आणि स्ट्रेप्टोमायसिन हे त्या काळी नवे असलेले औषध व दीर्घ विश्रांती यांच्या बळावर बरे होऊन पुन्हा गाऊ लागले. घरात कोणाला पूर्वी क्षय झाला असेल, तर ते उपचारापूर्वीच डॉक्टरांना सांगितले पाहिजे.

मात्रा किती?

त्याच १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुणीस कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. या संशोधनाबद्दल हेंच यांना केंडाल व राइकस्टाइन यांच्यासमवेत १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हे औषध दाह दडपते, रोगाचे मूळ उपटत नाही, हे लवकरच स्पष्ट झाले. मात्रेचा सारा प्रश्न येथूनच निर्माण होतो. मात्रा कमी पडली तर वेदना राहते. अधिक झाली तर औषधच नवे दुखणे होते.

युरोप व अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१५ साली ठरविलेल्या धोरणानुसार सुरुवातीस प्रेडनिसोलोनची दररोज १२.५ ते २५ मिलिग्रॅम मात्रा पुरेशी असते. साडेसात मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने आरंभ करणे बहुधा अपुरे ठरते आणि ३० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असे निक्षून सांगितले आहे. मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू किंवा ठिसूळ हाडे असणाऱ्यांना खालच्या बाजूची मात्रा देतात. योग्य मात्रेने बहुतेकांना काही दिवसांतच मोठा आराम पडतो. तसा तो पडला नाही, तर मात्रा वाढवीत नेण्यापूर्वी निदान बरोबर आहे ना, हे पुन्हा तपासणे अगत्याचे असते.

वेळ कोणती?

मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड निर्माण करतात. त्याचे प्रमाण पहाटे वाढते, जागे होण्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि रात्री अगदी कमी होते. म्हणून दिवसाची संपूर्ण मात्रा सकाळी न्याहारीनंतर एकदाच घ्यावी, हा सर्वसाधारण नियम आहे. निसर्गाच्या क्रमाशी ती जुळते. रात्री घेतल्यास झोप उडते आणि ग्रंथींचे स्वाभाविक कार्य अधिक दबते.

असे असूनही मात्रा ५ मिलिग्रॅमच्या खाली आल्यावर काहींना रात्रीची वेदना त्रास देते. अशा वेळी डॉक्टर दिवसाची मात्रा दोन भागांत विभागून देऊ शकतात. तथापि हा निर्णय रुग्णाने स्वतः घेण्याचा नव्हे.

मुंगीच्या पावलांनी उतार

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. साधारणपणे चार ते आठ आठवड्यांत मात्रा १० मिलिग्रॅमपर्यंत उतरविली जाते. त्यापुढे दर चार आठवड्यांनी १ मिलिग्रॅम, एवढीच घट करतात. एक मिलिग्रॅमची गोळी उपलब्ध नसल्यास एक दिवस १० आणि दुसऱ्या दिवशी ७.५ मिलिग्रॅम अशी योजना करता येते. त्यामुळे दररोजची सरासरी ८.७५ होते, म्हणजेच १.२५ मिलिग्रॅमची घट साधते. वेदना पुन्हा उद्भवल्यास त्यापूर्वी ज्या मात्रेवर आराम होता तेथे परत जाऊन पुन्हा सावकाश उतरावे लागते. एकूण उपचार बहुधा एक ते दोन वर्षे चालतो, काहींना त्याहून अधिक काळ लागतो.

आराम पडला म्हणून गोळी एकाएकी बंद करणे ही सर्वांत घातक चूक होय. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवितात. औषध अचानक सुटले तर विलक्षण थकवा, उलट्या, रक्तदाब खाली जाणे, प्रसंगी प्राणसंकट ओढवते. ताप, उलट्या, अपघात किंवा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी "आपण स्टेरॉइड घेत आहोत" हे डॉक्टरांना प्रथम सांगावे. सांध्यांच्या दुखण्यावर म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनावाच्या पुड्यांतही पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. अशा पुड्यांनी गुण आला तरी त्यात मात्रा किती हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून त्या टाळाव्यात. पूर्वी घेतल्या असल्यास तेही लपवू नये.

उपचारकाळात रक्तदाब, रक्तातील साखर व डोळ्यांची तपासणी नियमित करावी लागते. सकाळच्या गोळीमुळे साखर मुख्यतः दुपारनंतर वाढते. म्हणून केवळ उपाशीपोटीच्या तपासणीवर विसंबू नये. हाडांसाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, आवश्यकता वाटल्यास अन्य औषधही देतात. तंबाखू सोडणे आणि झेपेल तेवढे चालणे हितावह ठरते.

त्याच दिवशी रुग्णालयात

या विकाराच्या काही रुग्णांत डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांनाही सूज येते. कानशिलात नवी डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणे, घास चावताना जबडा भरून येणे, एक वस्तू दोन दिसणे किंवा क्षणभर अंधारी येणे, यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. येथे दररोज ४० ते ६० मिलिग्रॅम अशी मोठी मात्रा तातडीने द्यावी लागते. विलंब झाल्यास दृष्टी जाते आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही.

धार व देवास येथील रुग्णांनी प्रथम आपल्या जिल्हा रुग्णालयात जावे. अधिक तपासणीची गरज भासल्यास इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय धारहून सुमारे साठ व देवासहून सुमारे पस्तीस किलोमीटरवर आहे. जाताना एक साधी वही सोबत न्यावी. तीत दररोजची तारीख, घेतलेली मात्रा, गोळी घेतल्याची वेळ आणि सकाळी अंग मोकळे होण्यास लागलेला अवधी लिहिलेला असावा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी शाळेत जाणारे नातवंड किंवा गावचे शिक्षक हे काम सहज करू शकतील. पुढची मात्रा ठरविताना डॉक्टरांना या वहीचा मोठा उपयोग होतो.