जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी गुडघे टेका!

इंग्लंडमध्ये एप्रिल उजाडला, दोन दिवस ऊन पडलं की आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास एक फोटो येतो. लाल रंगाची, टप उघडलेली जुनी माझदा एमएक्स-५. खाली प्रश्न : 'स्वस्तात मिळतेय, घेऊ का?' गाड्यांचा नाद मला जुना, त्यामुळे बघायला बहुतेक वेळा मलाच नेतात.

१९८९ मध्ये आलेली ही दोन सीटची गाडी हलकी आणि इंजिनाला भरवशाची. तिचा खरा शत्रू म्हणजे गंज. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पत्र्याच्या सांदीकोपऱ्यात जाऊन बसतं.

पहिली तपासणी घरबसल्या होते. सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे वार्षिक तपासणीचा, इतिहास फुकट दिसतो. मैल दरवर्षी वाढलेत ना? गंजाचा शेरा सलग येऊन अचानक गायब झाला असेल, तर वेल्डिंगची पावती मागा. गाडीवर कर्ज बाकी आहे का, तेही थोडे पैसे भरून तपासा. लॉगबुकवर नाव आहे म्हणजे तो मालकच, असं नसतं.

प्रत्यक्ष गेल्यावर आधी बोनेटला हात लावा. गरम असेल तर मालकाने इंजिन आधीच चालू करून ठेवलंय. थंड इंजिनच खरं बोलतं. निळसर धूर आला तर तेल जळतंय. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना बदलायचा असतो. त्याचं बिल बघा.

मग सरळ गुडघे टेका. टपावरचं पाणी वाहून जायच्या नळ्या सीटच्या मागे असतात. त्या तुंबल्या की पाणी दरवाज्याखालच्या सिलमध्ये साचतं आणि सिल आतून कुजते. मागच्या चाकाच्या कमानीपुढे रंगाला फोड दिसले, तर तिथे लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर खाली पुट्टी आहे. १९९८ नंतरच्या मॉडेलमध्ये पुढचे चासीचे दांडेही टॉर्च मारून बघा. ही नुसती दिसण्याची बाब नाही. वर छत नसल्यामुळे बाजूने धडक बसली तर या सिलच्या ताकदीवर बरंच काही अवलंबून असतं.

गेल्या वर्षी नव्याने नोकरीला लागलेल्या पुण्याच्या एका मुलाने अशीच चकचकीत गाडी पसंत केली होती. सिलवर चुंबक टिकेना. 'काका, रंग तर नवीन आहे!' 'म्हणूनच नको रे,' मी म्हटलं. परतताना ट्रेनमध्ये तो गप्पच होता. महिनाभराने त्याने रंग उडालेली, पण सगळ्या पावत्या असलेली गाडी घेतली. यंदाची एमओटी ती पहिल्या फटक्यात पास झाली.

पावसात गाडी बघायला जाऊ नका, ओला रंग दोष झाकतो. आणि दम धरवत असेल तर नोव्हेंबरात शोधा. थंडीत उघड्या टपाची गाडी फारशी कोणाला नको असते, त्यामुळे भावही उतरतो.