साष्टी कुणी घालवली?

माजिवडा नाक्यावर मुंबईहून येणारा महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि नाशिकची वाट एकत्र येतात. ही सगळी जमीन जुन्या साष्टी बेटाची. इथून जवळच ठाण्याचा किल्ला आहे. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे तिथे फासावर गेले. त्यांच्यासमोर परकी सत्ता होती, त्यामुळे देशभक्त कोण हे सांगताना आपण अडखळत नाही. पण त्याच तटावर १७७४ च्या डिसेंबरात जे लढून मेले, त्यांच्या काळी भाऊबंदकीने राज्यच दुभंगले होते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी काका रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि ते पुणे सोडून गेले. तरी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून रघुनाथरावांनाच मिळाली. रीतसर पेशवे तेच! नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदी बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध कारभार हाती घेतला, तेव्हा ज्या वारसावर त्यांची भिस्त होती, तो जन्मालाही आला नव्हता. सवाई माधवराव पुरंदरावर जन्मले १८ एप्रिल १७७४ ला. त्याआधीच, मार्चमध्ये, पंढरपूरजवळ कासेगावला रघुनाथरावांशी झुंजताना त्रिंबकराव पेठ्यांचा बळी गेला. दोन्हीकडे मराठेच. साध्या शिलेदाराने इमान राखायचे कुणाशी? वस्त्रे मिळालेल्या, अटकेपर्यंत फौज नेणाऱ्या रघुनाथरावांशी, की पाळण्यातल्या मुलाशी?

अमेरिकेत १८६१ च्या यादवीतही हाच पेच पडला. रॉबर्ट ली आणि जॉर्ज थॉमस दोघेही व्हर्जिनियाचे सेनानी. ली आपल्या राज्याबरोबर गेला, थॉमस संघराज्याबरोबर राहिला.

मुंबईच्या इंग्रजांचा साष्टी आणि वसईवर फार दिवसांपासून डोळा होता. रघुनाथरावांनी मदत मागताच त्यांनी हाच मुलूख मागितला. गादीसाठी जीव टाकणारे रघुनाथराव आधी नाही म्हणाले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांच्याच चुलत्यांनी, चिमाजीअप्पांनी, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत रक्त सांडून हा प्रदेश पोर्तुगीजांकडून घेतला होता. काय विकायचे नसते, हे त्यांना ठाऊक होते.

इंग्रज मात्र थांबले नाहीत. पोर्तुगीज पुन्हा साष्टीवर येतील या धास्तीने त्यांनीच डिसेंबरात ठाण्यावर तोफा डागल्या. खंदक भरून आत घुसण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न शिबंदीने हाणून पाडला. कमोडोर वॉटसन जखमी होऊन मेला. वर्षअखेरीस किल्ला पडला आणि आतल्या बहुतेकांची कत्तल झाली. त्या वेळी पुण्याचा धनी कोण, याचा निकाल लागलेला नव्हता. तरी ही माणसे जागा सोडून गेली नाहीत. त्या गृहकलहातली देशभक्ती मला सर्वांत स्पष्ट दिसते ती त्यांच्यात.

६ मार्च १७७५ ला सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी साष्टी-वसई लिहून दिली. बदल्यात अडीच हजार फौज. बारभाईही निर्दोष नव्हते; नानांनी १७७७ मध्ये सँ ल्युबँ या फ्रेंचाला जवळ केले. बाहेरच्याचे बळ दोघांनाही हवे होते. घरातले भांडण जिंकण्यासाठी घरचीच भूमी त्याच्या हाती देणे, इथे मी रेघ ओढतो. ती रघुनाथरावांनी ओलांडली आणि पहिला नकार आठवला की त्यांचा अपराध मला अधिकच जड वाटतो.

जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कोंडीत सापडलेल्या इंग्रजांनी साष्टी परत करण्याचे कबूल केले, पण सुटका होताच मुंबईने तो करार झुगारला. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने सवाई माधवरावांचे पेशवेपद इंग्रजांनी मान्य केले आणि रघुनाथरावांना दरमहा २५,००० रुपये ठरले. ते कोपरगावला गेले आणि पुढल्याच वर्षी वारले. मधल्या लढाईत गेलेली वसई पुण्याला परत मिळाली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली.